तीन प्रणाली, आठ महिने: माणसं आपल्याच प्लॅटफॉर्मला का धरून राहतात

विंडोज ११, मॅकओएस आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या तिन्ही प्रणालींवर (ऑपरेटिंग सिस्टिमवर) आलटून पालटून रोजचं काम करून आठ महिने झाले. एका लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) असं ड्युअल बूट, म्हणजे सुरू करताना दोन्हींतली एक निवडायची; शेजारी एम मालिकेच्या चिपचा मॅक. काम लेखनाचं, हिशेबाच्या शीटचं, फोटोंचं आणि थोड्या प्रोग्रामिंगचं. वेग, बॅटरी, दिसणं यांबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यामुळे ते इथे नाही. एरवी शांत असणारी माणसंसुद्धा आपल्या प्रणालीला कोणी नावं ठेवली की का दुखावतात, एवढाच या अनुभवाचा विषय. आठ महिन्यांनंतरचं उत्तर असं, की जीव जडतो तो कंपनीवर नव्हे. ज्या यंत्राच्या खोड्या आपण ओळखतो आणि ज्याचे बिघाड आपण स्वतः निस्तरले आहेत, त्याच्यावर तो जडतो.

सुरुवात बोटांपासून होते. मॅकवर कॉपी करायला कमांड+सी, बाकी दोन्हींवर कंट्रोल+सी. फरक किरकोळ वाटतो, पण आज्ञा टाइप करण्याची खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडलं की त्याचं कारण कळतं. तिथे कंट्रोल+सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबवणं. मॅकवर या दोन कळा वेगळ्या असल्याने गल्लत होत नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल+शिफ्ट+सी दाबावं लागतं. विंडोज टर्मिनल मजकूर निवडलेला असेल तर कॉपी करतं, नसेल तर प्रोग्राम थांबवतं. मॅकवर हात बसलेल्या माणसाला हे दोन्ही प्रकार चुकीचेच वाटतात, आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो.

असे खड्डे बरेच आहेत. फाइल निवडून एंटर दाबलं की विंडोजवर ती उघडते, मॅकच्या फाइंडरमध्ये तिचं नाव बदलायला घेतलं जातं. फाइंडरमध्ये फाइल हलवायची तर आधी कमांड+सी आणि मग ऑप्शन+कमांड+व्ही; फाइल ‘कट’ करायला जाल तर काहीच होत नाही. विंडोजवर शेवटची खिडकी बंद केली की बहुतेक प्रोग्राम बंद होतो, मॅकवर बरेचसे चालूच राहतात आणि कमांड+क्यू द्यावं लागतं. मॅकवर स्क्रोलची दिशा २०११ पासून उलटी आहे. ती बदलता येते, पण ट्रॅकपॅड आणि माउस यांचं सेटिंग आतून एकच आहे: एकाची दिशा बदलली की दुसऱ्याचीही बदलते.

कळा जुळवून घ्याव्यात का? कायमचं दुसरीकडे जायचं असेल तर नको. तीनेक आठवडे चिडचिड होते, मग हात वळतो. आलटून पालटून वापरायचं असेल तर मात्र जरूर जुळवाव्यात, कारण तेव्हा हात कुठेच पक्का बसत नाही. मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘मॉडिफायर कीज’ आहे. तिथे कंट्रोल आणि कमांड यांची अदलाबदल प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी करता येते, म्हणजे बाहेरून जोडलेला कीबोर्ड विंडोजसारखा आणि लॅपटॉपचा जसाच्या तसा. विंडोजवर कळांची अदलाबदल मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या जोडसाधनातला कीबोर्ड मॅनेजर करतो.

म्हणून एखादी प्रणाली ‘सोपी’ आहे असं कोणी म्हणालं, तर ती त्याच्या अंगवळणी पडली आहे असं समजावं. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं, तेव्हा सर्वांत जास्त संतापले ते जुने विंडोजवालेच. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. लिनक्सवर २०११ मध्ये ग्नोम ३ ने डेस्कटॉपची घडी बदलली, तर लोकांनी माटे आणि सिनॅमन हे जुन्या वळणाचे डेस्कटॉप उभे केले. परक्या प्रणालीवर माणूस इतका रागावत नाही. तिथे त्याचं काही हरवलेलं नसतं.

फाइलींची गोष्ट जास्त कोरडी, पण जास्त घट्ट. विंडोजच्या एनटीएफएस स्वरूपातली डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोज आणि मॅक दोघांनाही आपणहून उघडता येत नाही. तिन्हींना चालणारं स्वरूप एक्सफॅट. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, एक्सफॅटमध्ये मावते. पण एक्सफॅटला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नाही, म्हणून लिहिणं चालू असताना वायर काढली की फोल्डरच्या फोल्डर खराब होऊ शकतात. दर वेळी ‘इजेक्ट’ करायचंच. नावांतही अडचण आहे. लिनक्सवर ‘अहवाल: भाग १?’ हे नाव चालतं, विंडोजला त्यातला विसर्ग नव्हे तर कोलन आणि प्रश्नचिन्ह खटकतं. मॅकच्या जुन्या एचएफएस+ स्वरूपाच्या डिस्कवरून आलेल्या नावांत ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ आणि खालचा नुक्ता असं फोडलेलं असतं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण लिनक्सवर शोध घेताना फाइल सापडत नाही.

वर्डमधला दस्तऐवज लिब्रेऑफिस या मोफत पर्यायात उघडल्यावर पानं सरकली, तर दोष बहुधा फॉन्टचा. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कँब्रियाच्या जागी कॅलाडिया बसवले की अक्षरांची रुंदी तीच राहते आणि पानं बऱ्यापैकी जागेवर येतात.

खरी ओढ मात्र ड्युअल बूटने दाखवली. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ काही तास चुकलेलं असायचं. कारण असं, की मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक मानतो आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ मानतो. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने स्थानिक वेळ वापरायला लावता येतं, पण उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणाऱ्या देशांत त्याने घोळ होतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगांच्या साठ्यात, ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ची किंमत १ करणं जास्त चांगलं. दुसरा बिघाड: विंडोजची डिस्क लिनक्समध्ये उघडते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ने विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट निजतो, आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहीत नाही. पॉवर ऑप्शन्समधली ती खूण काढली की प्रश्न मिटतो.

ही दोन कारणं समजेपर्यंत दोन्ही प्रणाली परक्या वाटत होत्या. समजल्यावर उबुंटूबद्दल आपुलकी आली, तीही त्याने त्रास दिल्यावर. मॅकने सर्वांत कमी अडवलं, आणि आठ महिन्यांनी त्याच्याबद्दल आदर असला तरी ओढ सर्वांत कमी आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं मॅकची दुखणी काढली आहेत, त्यांचं नेमकं उलट असणार.

कमोडोरच्या अमिगा या जुन्या घरगुती संगणकाकडे पाहिलं की हे पटतं. ते यंत्र १९८५ मध्ये आलं, कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी अमिगाओएस ३.२ ही आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. कंपनी उरली नव्हती. उरले होते ते यंत्र खोलून दुरुस्त करणारे. मॅकने तर प्रोसेसरचं घराणं १९९४, २००६ आणि २०२० असं तीनदा बदललं आणि माणसं टिकली, कारण वरचा मेनूबार १९८४ पासून तिथेच आहे.

निष्ठा नडते ती दुसऱ्याला सल्ला देताना. नव्या माणसाला आपली आवडती प्रणाली सुचवण्याआधी विचारावं, की अडलं तर त्याच्याजवळ कोण आहे? ज्या प्रणालीचा जाणकार हाताशी, ती त्याच्यासाठी योग्य, मग ती आपल्याला न आवडणारी का असेना.

आणि कोणाला खरंच बदलायचं असेल, तर आधी प्रणाली नको, प्रोग्राम बदलावेत. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी तिन्हीकडे चालतात. ते जुन्याच यंत्रावर महिनाभर वापरावेत. फोटो बाहेर काढताना मॅकच्या फोटोज ॲपमध्ये ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ निवडलं तर केलेले बदल सोबत येत नाहीत, म्हणून दोन्ही प्रती घ्याव्यात. पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढले तर ते उघड्या मजकुरात असतात, नव्या ठिकाणी भरताच ती फाइल पुसावी. शेजारी लिनक्स बसवणाऱ्याने सिक्युअर बूटला (सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीला) हात लावण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क-कुलुपाची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतो, आणि ती त्याच डिस्कवर ठेवलेली असेल तर काही उपयोग नाही.