मृत्युपत्र, बक्षीसपत्र की ट्रस्ट? मिल आणि मळा दोन्ही असलेल्या घरांसाठी

एमआयडीसीत डाळमिल, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडत, औशाकडं जमीन आणि सत्तरी ओलांडलेले वडील, अशी घरं लातुरात काही कमी नाहीत. त्या घरांत हल्ली एकच चर्चा चालते : वाटणीचं काय करायचं? आमच्याकडंही ती बरीच रंगली. शेवटी आम्ही एक मार्ग धरला. तुम्ही अजून विचारात असाल तर आमचा अनुभव सांगतो. मी वकील नाही, त्यामुळं तुमच्या वकिलांचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचं धरा.

मृत्युपत्र सगळ्यांना माहीत असतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणं दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. शिवाय मन बदललं की नवं करता येतं. वडिलधाऱ्यांना ते आवडतं ते याच कारणानं, कारण शेवटपर्यंत किल्ल्या त्यांच्याच कमरेला राहतात. कागद म्हणून त्यात खोट काढावी असं मला काही दिसत नाही. मला खटकलं ते नंतरचं.

आमच्या मधल्या काकांनी व्यवस्थित मृत्युपत्र केलं होतं. रीतसर नोंदवलेलं होतं, साक्षीदार हयात होते, भावंडांत भांडण नव्हतं. दसरा झाला आणि काका गेले. सोयाबीनची आवक ऐन भरात होती. काका आणि चुलतभाऊ, दोघांचीच भागीदारी. बँकेनं मृत्यूचा दाखला बघितला आणि सीसी, म्हणजे धंद्याला उचल देणाऱ्या कॅश क्रेडिट, खात्यावरचे व्यवहार थांबवले. त्यात बँकेचं चुकलं असं म्हणता येत नाही, गेलेल्या भागीदाराची देणेदारी त्या तारखेला ठरवून घेण्याची त्यांची ती पद्धत आहे. पण मोंढ्यात शेतकऱ्याची पट्टी थांबत नाही. माल उतरला की पैसे द्यायचे, मालक गेले म्हणून पुढच्या महिन्यात या, असं कुणाला सांगणार?

त्यावर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, मागितलं. आमचे वकील सांगून थकले की प्रोबेटची सक्ती मुंबई, चेन्नई, कोलकात्यापुरतीच होती (२०२५ च्या डिसेंबरात तीही उठली), लातुरात केलेल्या आणि लातूरच्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. समोरून उत्तर एकच : "हेड ऑफिसच्या यादीत आहे, नाहीतर सगळ्या वारसांची ना-हरकत आणा." सगळे वारस म्हणजे अमेरिकेतली चुलतबहीणही आली. तिची काहीच हरकत नव्हती, पण तिची सही भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यायची होती. तोवर हंगाम सरला. चुलतभावानं बाहेरून व्याजानं पैसे उचलून पट्ट्या दिल्या.

त्याहून कडू गोष्ट वकिलांनी नंतर सांगितली. १९३२ च्या भागीदारी कायद्यात भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, करारात वेगळं ठरलं असेल तरच ती चालू राहते. आणि भागीदार दोनच असतील तर करारातल्या त्या कलमाचाही उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. मृत्युपत्रात 'मिलमधला माझा हिस्सा मुलाला' असं स्वच्छ लिहिलं होतं. हिस्सा मिळाला, पण ज्या फर्मचा तो हिस्सा ती फर्म त्याच दिवशी संपली होती. बापलेकाच्या जोडीवर चालणाऱ्या फर्म आपल्याकडं किती आहेत हे तुम्ही जाणताच. एकट्या मालकाच्या नावावरचा धंदा असेल तर जीएसटीचा नंबरही त्याच्या पॅनबरोबर जातो, वारसाला नवा काढावा लागतो.

एवढं डोळ्यांदेखत घडल्यावर माझं मन मृत्युपत्रावरून उडालं, हे मोकळेपणानं सांगतो.

बक्षीसपत्राचा गुण हा की सगळं हयातीत उरकतं. देणारा समोर बसलेला असतो, कुणाला शंका असेल तर थेट त्यालाच विचारता येते. फेरफारावर, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलावर, हरकत आली तरी तलाठ्यापुढं, मंडळ अधिकाऱ्यापुढं वडील स्वतः उभे राहतात. महाराष्ट्रात राहतं घर आणि शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा विधवा सुनेला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा, तो आधी विचारून घ्या. भाऊ मात्र त्या यादीत नाही. मिलची इमारत किंवा दुकानही त्या सवलतीत बसत नाही. एमआयडीसीचा प्लॉट तर ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, तिथं हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते. म्हणून मिलसाठी बक्षीसपत्राचा नाद सोडलेला बरा.

वडिलांची भीती वेगळीच असते. "आज लिहून दिलं, उद्या चहा विचारला नाही तर?" अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, हे थेट तोंडावर विचारलं, तेही सुनांच्या देखत. भीती खोटी नाही. बक्षीसपत्र एकदा झालं की मनाला येईल तेव्हा मोडता येत नाही. पण त्यात हयातीपर्यंत राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा हक्क राखून ठेवता येतो, आणि सांभाळाची अट स्पष्ट लिहिली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्दही करून घेता येतं. अट तोंडी ठेवू नका. 'प्रेमापोटी' एवढंच लिहिणारे लेखनिक बरेच भेटतात. सुनेच्या नावावर देण्याचा मोह असेल तर त्यातून येणारं उत्पन्न प्राप्तिकरात देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हेही लक्षात असू द्या.

एका बाबतीत मृत्युपत्र सरस आहे, ते कबूल करायला हवं. वडिलोपार्जित, अविभक्त जमिनीतला आपला हिस्सा मृत्युपत्रानं देता येतो, बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी हवी. तुमच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असं असेल, आणि मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या इनामांमुळं ते पुष्कळ ठिकाणी आहे, तर बक्षीस देण्याआधी परवानगीचं बघावं लागतं. आमच्या एका गटासाठी १९५४ ची खासरा पाहणी, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढावी लागली, सोबतचा उर्दू कागद वाचणारा शोधावा लागला. हे सगळं जुन्या माणसाच्या हयातीतच झालेलं बरं, कारण कुठला बांध कुणाचा हे त्यालाच ठाऊक असतं.

बहिणींचं थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या शंकाही मिटवल्या. साडीचोळी करून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत अजून चालते. मला ती पटत नाही. आमच्या ताईला गावाजवळची जमीन वाटणीतच दिली. कोणताही कागद केला तरी हे आधी मिटवा, नाहीतर पुढं कोर्टात मिटवावं लागेल.

आता ट्रस्ट, म्हणजे मालमत्ता विश्वस्तांच्या हाती द्यायची आणि त्यांनी ती घरच्यांसाठी सांभाळायची. मुंबई-पुण्याचे सल्लागार हॉटेलात पडदा लावून हेच समजावतात. १९८५ साली बंद झालेला वारसा कर परत येणार, हे त्यांचं पहिलं वाक्य असतं. कौटुंबिक ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली होतो, धर्मादाय आयुक्तांशी त्याचा संबंध नाही. घरात अपंग मूल असेल, व्यसनी मुलगा असेल किंवा दोन-तीन देशांत विखुरलेली लेकरं असतील तर ट्रस्टसारखी सोय दुसरी नाही, असं मलाही वाटतं. कंपनीचे शेअर असतील तर तो शोभूनही दिसतो. पण शेतजमीन ट्रस्टच्या नावे करायला गेलात की ट्रस्ट शेतकरी कसा, हा प्रश्न महसूल खातं विचारणारच, कारण इथं अजून १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे आणि त्यात शेतजमीन शेतकऱ्याकडंच जावी असा दंडक आहे. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर ठेवलं तर कर सर्वांत वरच्या दरानं लागतो. आणि विश्वस्त कोण? आमच्याकडं सगळी नावं फिरून शेवटी दादावरच यायची, मग ट्रस्ट कशाला.

आम्ही केलं ते असं : वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करून नोंदवली. अण्णांनी स्वतः घेतलेली जमीन आणि घर बक्षीसपत्रानं, त्यांचा आणि आईचा हयातीचा हक्क राखून. मिलच्या फर्ममध्ये मला तिसरा भागीदार करून घेतलं आणि कुणी गेलं तरी फर्म चालू राहील असं कलम घातलं. एलएलपीचाही, म्हणजे भागीदारांची देणेदारी मर्यादित असलेल्या नोंदणीकृत भागीदारीचाही, विचार झाला. भागीदार गेला तरी ती संपत नाही, त्यामुळं मोठ्या उलाढालीला ती जास्त बरी पडेल. बँकेला हे सगळं अण्णांनी स्वतः शाखेत जाऊन सांगितलं, सीसीचं लिमिट त्याच आधारावर नव्यानं मंजूर झालं.

मृत्युपत्रही आहेच, दोन पानांचं, सोनं, ठेवी आणि शेअर अशा उरल्यासुरल्यासाठी. ठेवींना नॉमिनी लावलेत, नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत लावता येतात. पण नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होत नाही, म्हणून नॉमिनीची आणि मृत्युपत्रातली नावं एकच राहतील असं बघितलं.