हत्तीरोगाच्या कार्ड तपासणीत गेलेले १६,८०० रुपये

धानाचे चुकारे खात्यात जमा झाले आणि आठवड्याभरात गावच्या सभागृहात 'हत्तीरोग तपासणी शिबिर' लागलं. पांढरे कोट, गळ्यात ओळखपत्रं, मागे बॅनर, सगळं नेहमीचंच नाटक. माणशी ९५०, घरातले चौघं, म्हणजे ३,८००. चौघंही 'पॉझिटिव्ह'! मग गोळ्या-पावडरचे दोन संच, ६,५०० चा एक. पावती 'रिपोर्टसोबत मिळेल'.

आणि रक्त घेतलं सकाळी अकराला. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत कोणालाही विचारा, फायलेरियावाले, म्हणजे हत्तीरोगासाठी रक्त घेणारे सरकारी कर्मचारी, रात्रीच येतात. हे जंतू दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, अंगभर फिरतात. लहानपणी झोपेतून उठून बोट पुढे केलेला माणूस मी. विचारलंही शिबिरातल्या माणसाला. "काकाजी, ते जुनं झालं, कार्डावर दिवसाही समजते." चीड याचीच येते की हे खोटं नाही. पूर्ण वाढलेल्या कृमीचं अँटिजन, म्हणजे तिचा रक्तात उतरणारा अंश, दाखवणारी कार्डातली पट्टी खरंच असते आणि तिला दिवसाचं रक्त चालतं. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडायचं कसं? त्यात आईचा डावा पाय सुजलेला, माझं सगळं लक्ष तिकडे.

खोटेपणा कार्ड वाचण्यात होता. "ही बघा रेघ, जंतू आहेत." ती रेघ 'सी'समोरची, कार्ड चालतंय एवढंच सांगणारी! 'टी'समोर काही नव्हतंच. कोरोनात अशीच कार्डं घरोघरी पाहिली होती, पण याने पुरतं बघूच दिलं नाही. पोरीने एक कार्ड उचलून ठेवलं म्हणून घरी कळलं. कार्ड हातात घ्या, फोटो काढा, देत नसेल तर तिथूनच उठा.

पोलिस म्हणाले, "पैसे तुम्ही खुशीनं दिले." आरोग्य कार्यालय म्हणालं, शिबिराची आमच्याकडे नोंद नाही. अहो, नोंद नाही म्हणूनच तर आलो! औषधवाल्या खात्याला बिल हवं. चोर बिल देतो का? सभागृह भाड्याने देणारे म्हणाले, आम्ही फक्त भाडं घेतो. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायच्या मोहिमेत हीच सरकारी यंत्रणा समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावते, दारावर खडूने खूण करते. मग चार अनोळखी माणसं दिवसभर रक्त काढत होती ती एकालाही दिसली नाहीत?

रात्रीची रक्त तपासणी आणि डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतूंवरच्या, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, फुकट! जुन्या सुजेत रात्रीच्या रक्तातही जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत, तेव्हा 'पावडरने पाय उतरेल' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. पाय रोज साबणाने धुवायचा, कोरडा ठेवायचा, जखम होऊ द्यायची नाही, हे दवाखान्यातल्या सिस्टरने एक पैसा न घेता सांगितलं.

त्या माणसाचा नंबर पोलिसांना दिलाय. त्यांनी लावला नाही, मी लावला. उचलतो अजून. "या काकाजी, सोमवारी पुढचं शिबिर आहे."