डायब्लो २ : जुना खेळावा की रिझरेक्टेड घ्यावा?

दिवाळीत धाकटा आतेभाऊ वडोदऱ्याहून आमच्याकडे इंदूरला आला होता. सकाळच्या पोह्यांची बशी हातात असतानाच त्याने विचारलं, "दादा, कंप्युटरवर जुना डायब्लो टाकू की रिझरेक्टेड विकत घेऊ?" डायब्लो २ म्हणजे राक्षस मारत वस्तू गोळा करायचा कंप्युटरवरचा खेळ, आणि रिझरेक्टेड ही त्याची नवी आवृत्ती. तेव्हा त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते अपुरं होतं, म्हणून आता सविस्तर लिहितो. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही मी भरपूर खेळलो आहे. सॉर्सरेस ही जादूगारीण कोण, वस्तू मिळवायला मेफिस्टो या राक्षसाला पुन्हा पुन्हा का मारायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

रिझरेक्टेड म्हणजे नव्याने बांधलेला खेळ, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीच्या पोटात २००० सालचाच खेळ चालतो. नवी चित्रं आणि उजेड-सावल्या वरून चढवल्या आहेत. वार कधी बसणार, वस्तू कशी पडणार, हे सगळं जुन्याच हिशोबाने ठरतं. म्हणून हाताची जुनी सवय वाया जात नाही. कीबोर्डवरचं जी दाबलं की नवी चित्रं जातात आणि तुम्ही उभे असता तिथेच जुना पडदा येतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खेळ सुरू होतो त्या 'रोग कॅम्प' नावाच्या छावणीत पाऊस पडत होता. नव्यात चिखल ओला दिसत होता, तंबूचं कापड भिजून जड झालेलं होतं. जी दाबलं आणि तोच पाऊस बारीक तिरक्या रेघांचा झाला. शाळेत असताना पाहिलेला तोच पाऊस. मी बराच वेळ तसाच इकडून तिकडे करत बसलो.

चित्रांच्या बाबतीत मी नव्याच्या बाजूने डोळे मिटून बोलणार नाही. पहिल्या अंकातला तुरुंग नव्या उजेडात फार सुंदर दिसतो, पण तिथे अंधारही खरा आहे. कोपऱ्यातला तिरंदाज सांगाडा जुन्यात मला चटकन दिसायचा, नव्यात बाण लागल्यावर दिसतो. कदाचित माझ्या डोळ्यांचा किंवा मॉनिटरचा दोष असेल. गर्दीच्या लढाईत मी अजूनही मधूनच जी दाबतो आणि मोकळं झाल्यावर परत येतो. संगीतकार मॅट युल्मेनचं संगीत दोन्हीकडे आहे, ट्रिस्ट्रम गावाच्या धूनमधली बारा तारांची गिटारही. त्या बाबतीत कुठेच काही गमवावं लागत नाही.

माझा निकाल चित्रांवर लागला नाही. तो पेटीवर लागला, म्हणजे सामान ठेवायच्या स्टॅशवर.

जुन्या खेळात, लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन ही पुरवणी घातल्यावरसुद्धा, पेटीत घरं किती? सहा गुणिले आठ, अठ्ठेचाळीस. हत्यारांत-चिलखतांत बसवायचे जादूचे दगड, म्हणजे रून, एकूण ३३. रत्नं सात जातींची आणि प्रत्येकाचे पाच दर्जे, म्हणजे ३५. प्रत्येकी एकच ठेवायचं म्हटलं तरी ६८ घरं झाली, आणि अजून एकही चिलखत ठेवलेलं नाही. एक चिलखत सहा घरं खातं. अंगावरच्या पिशवीत चाळीस घरं, त्यातली अर्धी चार्मनी, म्हणजे जवळ बाळगायच्या ताइतांनी, भरलेली. होराड्रिक क्यूब ही जादूची डबी बारा घरं देते. थोडक्यात, चार महिने मन लावून खेळणाऱ्या माणसाला सामान ठेवायला जागाच उरत नाही. मग म्यूल करायचा : केवळ सामान वाहायला एक वेगळं कॅरेक्टर, ते भरलं की दुसरं, मग तिसरं. माझे सात होते आणि कुणाकडे काय आहे याची एक वही होती.

खरा जाच पुढे आहे. एका कॅरेक्टरकडचं सामान आपल्याच दुसऱ्या कॅरेक्टरला द्यायची सरळ सोय जुन्या खेळात नाही. बॅटलनेटवर, म्हणजे या खेळाच्या ऑनलाइन सर्व्हरवर, आम्ही सगळे एकच युक्ती करायचो. खेळ उघडायचा, तो थोडा वेळ चालू ठेवायचा, वस्तू जमिनीवर टाकायची, बाहेर पडायचं आणि म्यूल घेऊन त्याच नावाच्या खेळात परत शिरायचं. मधल्या काळात खेळ रिकामा असतो. तो काही वेळ तग धरतो, मग मिटतो. जमिनीवरची वस्तू त्याच्याबरोबर जाते.

जुलैतली रात्र होती, बाहेर मुसळधार. दोन आठवडे मेफिस्टो आणि काउंटेस या दोघांना पुन्हा पुन्हा मारून मला एक इस्ट रून मिळाला होता. तो शेकोटी आणि पेटी यांच्या मधे टाकला, नाव नीट दिसतंय ना ते पाहिलं आणि बाहेर पडलो. म्यूलवर क्लिक केलं आणि आमच्या रामबागेतली लाईट गेली. कंप्युटर यूपीएसवर चालू राहिला, राउटर बंद पडला. आजी हाका मारत होती, कंदील कुठे ठेवलाय म्हणून. लाईट आली, राउटरचे दिवे एकेक करून लागले, मी खेळाचं नाव टाकलं. तसा खेळ अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. त्या रात्री मी वही मिटली आणि पुढचे काही महिने डायब्लो उघडलाच नाही. कुणाची चूक होती असं म्हणत नाही. आषाढात लाईट जातेच. पण आपलीच वस्तू आपल्याच दुसऱ्या हातात द्यायला ती आधी जमिनीवर टाकावी लागावी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

रिझरेक्टेडमध्ये स्वतःची पेटी शंभर घरांची आहे आणि शिवाय सगळ्या कॅरेक्टरांना सामायिक असे शंभर-शंभर घरांचे तीन कप्पे. एकाने ठेवायचं, दुसऱ्याने उचलायचं. पहिल्या रात्री मी पॅलाडिन या योद्ध्याचा एक रून सामायिक कप्प्यात ठेवला, सॉर्सरेसने आत आलो आणि तो तिथेच होता. एवढ्या साध्या गोष्टीने मला त्या खेळात परत आणलं. सोनं चालता चालता आपोआप उचललं जातं, हेही आहे. पण ते नसतं तरी माझं उत्तर तेच असतं.

जाणकार म्हणतील, जुन्यात प्लगवाय हा चाहत्यांनी बनवलेला बदल (मॉड) घाला, अमर्याद पेटी मिळेल. खरं आहे, पण ते एकट्याने ऑफलाइन खेळताना. बॅटलनेटवर चालत नाही. आणि ऑफलाइन एकटे खेळणार असाल तर आणखी एक बाब आहे जी मला निर्णायक वाटते. टॅल, थूल, ऑर्ट, अ‍ॅम्न यांचा स्पिरिट आणि राल, टिर, टॅल, सॉल यांचा इनसाइट हे रूनवर्ड, म्हणजे ठरावीक क्रमाने रून बसवून होणाऱ्या खास वस्तू, जुन्यात लॅडरपुरते, म्हणजे बॅटलनेटवरच्या चढाओढीपुरते, राखून ठेवलेले आहेत. मॉड न घालता ऑफलाइन ते बनतच नाहीत. रिझरेक्टेडमध्ये बनतात. भाडोत्री सोबत्याच्या हातात इनसाइटचं लांब दांड्याचं हत्यार (पोलआर्म) देऊन हेल या सर्वांत अवघड पातळीत चालत जाणं काय असतं, हे ज्याने केलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आता जुन्याची बाजू, आणि ती हलकी नाही. जुन्यात लॅन आहे. दोन कंप्युटर एका तारेने जोडा आणि खेळा, इंटरनेटची गरज नाही. रिझरेक्टेडमधून ही सोय काढून टाकली आहे आणि ऑफलाइन खेळायलाही अधूनमधून इंटरनेटवर जाऊन ओळख पटवावी लागते. आतेभाऊ आला की आम्ही दोघं एका खोलीत, शेजारी-शेजारी खेळतो. त्याने मला नेमकं हेच ऐकवलं : "मग आपण दोघं एकाच खोलीत बसून बाहेरच्या सर्व्हरवरून भेटायचं?" माझ्याकडे याला उत्तर नाही. तुमचं खेळणं मुख्यतः असंच असेल, भाऊ-भाऊ, घरातल्या घरात, तर जुनाच टाका आणि मी इथवर लिहिलेलं सोडून द्या. प्रोजेक्ट डायब्लो २ सारख्या मॉडची मंडळीही जुन्यावरच उभी आहेत. त्यांना मूळ खेळ लागतो. घरचा लॅपटॉप फार जुना असला तरीही जुनाच बरा. केवळ डायब्लोसाठी आरएनटी मार्गावर जाऊन नवं मशीन घेऊ नका.

पण बाकी सगळ्यांना, म्हणजे एकटे खेळणारे, रात्री दहानंतर तासभर वेळ मिळणारे, दोन-तीन कॅरेक्टर हळूहळू वाढवणारे, यांना मी रिझरेक्टेडच सांगेन. जुन्या बॅटलनेटवर नव्वद दिवस फिरकलं नाही की कॅरेक्टर पुसलं जातं. नोकरी, घरची आजारपणं, मुलांच्या परीक्षा यांत नव्वद दिवस कसे जातात ते कळत नाही. माझा एक नेक्रोमॅन्सर असाच गेला.

घेतलात तर एक काम आधी करा. जुन्या कंप्युटरची हार्ड डिस्क माळ्यावर असेल तर काढा आणि तिच्यात डायब्लोचा सेव्ह फोल्डर शोधा. ऑफलाइन कॅरेक्टरच्या डीटूएस (.d2s) फाइल रिझरेक्टेडच्या सेव्ह फोल्डरमध्ये टाकल्या की ते कॅरेक्टर चालतं. बॅटलनेटवरची मात्र येत नाहीत. मी कॉलेजातला बार्बेरियन असा आणला. यादीत त्याचं नाव दिसलं, आत गेलो, हॅरोगॅथ गावाच्या बर्फात तो उभा होता, हातात तीच घासलेली कुऱ्हाड. पेटी उघडली. अठ्ठेचाळीस घरांत तेव्हा कोंबलेलं सगळं सामान एका कोपऱ्यात बसलं होतं आणि बाकीची घरं रिकामी होती.