गांजा : बंदी बरी की लायसन आणि टॅक्स? एका काटेवाल्याचं मत

भाच्याच्या लॉ कॉलेजात चर्चा होती, गांजावर बंदीच ठेवायची का कायदेशीर करून टॅक्स लावायचा. त्याला बाजू ठरवता येईना म्हणून विचारलं, मामा तुम्हाला काय वाटतं. मी ओढत नाही, तंबाखूसुद्धा सोडून बारा वर्षं झाली. पण सोलापुरात माझं वजनकाट्याचं दुकान आहे आणि त्या काट्यामुळंच या भानगडीत मी एकदा चांगलाच अडकलोय, त्यामुळं माझं मत एकतर्फी वाटलं तर समजून घ्या.

आधी बंदीची बाजू, कारण ती काय अगदीच पोकळ नाही. ज्याच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं पोरगं आहे त्याला रस्त्यावर गांजाचं दुकान नको वाटणार, मलाही नको वाटतं. कमी वयात रोज ओढणाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम होतो हे डॉक्टर सांगतात, आणि आमच्या गल्लीतला एक जण मी बघितलाय, त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. आणि दारूचं काय झालं ते आपण बघतोयच, सरकारला एकदा टॅक्सची चटक लागली की ती सुटत नाही.

पण बंदी आहे म्हणजे माल नाही असं कुठंय? २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, आणि पुडी मिळत नाही म्हणणारा सोलापूरकर मला अजून भेटायचाय, कर्नाटकची हद्द तासाभरावर. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी केली, २०२१ ला सरकारनंच उठवली. गांजाचं तर काय, ओडिशा-आंध्रच्या डोंगरातून निघालेला माल हैदराबाद रोडनं पुण्या-मुंबईकडं जाताना आपल्या दारावरूनच जातो. झुडूपच आहे ते, पिकवायला असा काय मोठा खर्च येत असणार? भाव वाढतो तो वाटेतल्या प्रत्येक नाक्याच्या भीतीचा, आणि तो सगळा पैसा ज्याला भीती नाही त्याच्या खिशात, सरकारला एक छदाम नाही.

आता माझं काय झालं ते. चारेक वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला पोलिसांचा फोन आला, काटा घेऊन या, गाडी पाठवतो. हायवेला एक टेम्पो धरलेला, कांद्याच्या गोण्यांखाली खाकी चिकटपट्टीचे पुडे. पावसाचे दिवस, माल दमट. मी काटा लावला, पुडे ठेवले, एकवीस किलो दोनशे. तेव्हा मला माहीत नव्हतं की कायद्यात एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, म्हणजे जास्तीत जास्त एक वर्ष, आणि वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, म्हणजे कमीत कमी दहा वर्षं आणि एक लाख दंड, जामीन तर जवळजवळ विसराच. म्हणजे टेम्पोवरच्या त्या क्लीनर पोराची दहा वर्षं माझ्या काट्यावरच्या बाराशे ग्रॅमवर लटकत होती.

पुढं कोर्टाच्या तारखा. पाच वेळा गेलो. दोनदा वकील नव्हते, एकदा जजसाहेब रजेवर, आणि दर वेळी माझं दुकान बंद. साक्ष झाली तेव्हा आरोपीच्या वकिलानं विचारलं, देठ-पाला-बिया वेगळ्या केल्या होत्या का? कारण कायद्यात गांजा म्हणजे फक्त फुलोरा, नुसता पाला आणि बिया त्यात धरत नाहीत, त्याच पाल्याची भांग होते. मी म्हटलं साहेब, मला पुडे दिले, मी वजन केलं. मग विचारलं, पुड्यासकट का पुड्याशिवाय? काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का कधीचा? अर्धा तास माझ्या काट्याचीच उलटतपासणी चाललीय असं वाटायला लागलं. माल कुणाचा, पैसा कुणी लावला, हे मला पाचही वेळा कुणी विचारलं नाही, अर्थात मला तरी काय माहीत असणार म्हणा. ज्याला माहीत असेल तो काय त्या टेम्पोत नव्हता.

तिथंच माझं ठरलं खरं तर. किराणा, सोनं, भंगार, सगळ्याच्या काट्याला शिक्का लागतो, शिक्का नसला तर दंड. आणि गांजा हा असा माल की जो पकडला गेला तरच कायद्याच्या काट्यावर येतो. पुडीत किती आहे, काय मिसळलंय, कुणाला विकलं, कशाचाच पत्ता नाही. आणि लपूनच विकायचं म्हटल्यावर तोच माणूस उद्या त्याच पोराला एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशेची पावडर पण देणार. २०२३ ला आपल्या चिंचोळी एमआयडीसीतच एमडीचा कारखाना सापडला होता, विसरलो नाही ना?

म्हणून माझा कल लायसनकडं, पण सरसकट नाही. कॅलिफोर्नियात कायदेशीर केलं आणि टॅक्स इतका लावला की चोरटी दुकानं तशीच चालू राहिली, स्वस्त पडतं म्हणून. तसलं असेल तर बंदी काय वाईट आहे? कॅनडात २०१८ पासून रीतसर दुकानं आहेत, पण ते जरा जास्तच दुकानदारीवर गेलंय असं मला वाटतं. जर्मनीनं २०२४ ला २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला परवानगी दिली, दुकान मात्र नाही, हेही एक आहे. मला जास्त पटतं ते उरुग्वेचं. कायदा २०१३ चा, औषधाच्या दुकानात विक्री २०१७ पासून, नाव नोंदवायचं, आठवड्याला दहा ग्रॅमच्या वर नाही, भाव सरकार ठरवतं आणि मुद्दाम कमी ठेवतं, चोरट्या मालाला परवडू नये म्हणून. टॅक्समधून फार गल्ला येत नाही, पण गुंडाचं गिऱ्हाईक तर तुटतं. आपल्याकडं ते जमेल का, मला शंका आहे, रेशन दुकानाचा अनुभव सगळ्यांनाच आहे.

आणि हे काय परदेशी खूळ नाही. १८९४ ला इंग्रजांच्या कमिशननं हजारावर साक्षी घेऊन हेच सांगितलं होतं, बंदी नको, लायसन द्या, कर लावा. गांजावर बंदी घालणारा सध्याचा अंमली पदार्थांचा कायदा आला तो १९८५ ला.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, घरात लहान पोरं आहेत म्हणून बंदीच्या बाजूनं बोलणार असशील तर बोल, मी नावं ठेवणार नाही, पण बोलायच्या आधी एकदा त्या क्लीनरच्या आईला भेट. ती तारखेला यायची, मार्डीहून, डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन, आणि मला दर वेळी एकच विचारायची, दादा, काटा बरोबर होता का ओ?