खिसा बघून: निकाराग्वा की कोस्टा रिका?

टेक्सासात शिकणाऱ्या भाचीला सुट्टीत मध्य अमेरिका पाहायचीय. मैत्रिणी कोस्टा रिका म्हणतात, तिचा खिसा निकाराग्वा म्हणतो.

खर्चात तुलनाच नाही. राहणं, खाणं, बस, सगळंच निकाराग्वात बरंच स्वस्त. अमेरिकेतल्या जुन्या स्कूलबस तिथे गावोगाव धावतात. गर्दी, गोंगाट भरपूर, पण भाडं किरकोळ. कोस्टा रिकात राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्कही जाणवतं.

निसर्गात कोस्टा रिका सरस. देशाची साधारण चौथाई जमीन संरक्षित. मॉन्तेवेर्देचं धुक्यातलं जंगल, कोर्कोवादो उद्यानातले टेपीर, म्हणजे आखूड सोंडेचे प्राणी. पण निकाराग्वाकडे ओमेतेपे आहे: गोड्या पाण्याच्या अफाट सरोवरात दोन ज्वालामुखींनी बनलेलं बेट. किनाऱ्यावरच्या सान होर्हेहून फेरीबोटीने तासाभरात पोचता येतं. शिवाय ग्रानादा आणि लेओन ही जुनी स्पॅनिश शहरं, आणि लेओनजवळच्या सेरो नेग्रो ज्वालामुखीच्या काळ्या राखेवरून फळीवर बसून घसरत उतरणं! अशी शहरं कोस्टा रिकात नाहीत.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे गायो पिंतो, म्हणजे भात आणि राजम्यासारखे घेवडे. डुकराच्या चरबीत परतलाय का, एवढं विचारावं.

निश्चिंतीत मात्र निकाराग्वा मागे. 2018 च्या आंदोलनांनंतर सरकारने विरोधकांवर कडक दडपशाही केली. राजकारणावर बोलू नये. ड्रोन तर नेऊच नये, जप्त होतो.

कुटुंब बरोबर असेल, वेळ कमी असेल किंवा प्राणी-पक्षीच पाहायचे असतील तर कोस्टा रिका. एकटंदुकटं, मोडकंतोडकं स्पॅनिश आणि भरपूर सवड असेल तर निकाराग्वा. भाचीला मी निकाराग्वाच सुचवलंय, प्रवासविमा काढायच्या अटीवर.