मॉरिशसमध्ये स्त्रीचा छोटा उद्योग: गिऱ्हाईक बेटावरचे, पर्यटक की परदेशातले?

मॉरिशसमध्ये घरच्या घरी लोणची घालणारी, कपडे शिवणारी किंवा टोपल्या विणणारी स्त्री त्या कामाला व्यवसायाचे रूप द्यायचे मनावर घेते, तेव्हा काय बनवायचे हा प्रश्न तिला सहसा पडत नाही, कारण ते तिच्या हातात आधीच असते. अडते ते कोणाला विकायचे यावर. शेजारपाजारच्या गिऱ्हाइकाला, सुटीसाठी येणाऱ्या पर्यटकाला, की समुद्रापलीकडच्या बाजाराला? कास्कावेलसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या स्त्रियांपुढेही हाच प्रश्न आहे. तिन्ही वाटा वेगवेगळे भांडवल मागतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी दगा देतात, म्हणून निवड करण्यापूर्वी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहणे गरजेचे आहे.

आधी आकाराची कल्पना यावी. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या पावपट जागेत त्या जिल्ह्याच्या साधारण एक-तृतीयांश माणसे. मालाची ने-आण करणारे मोठे व्यापारी बंदर एकच, पोर्ट लुई. बेटावर पिकत नाही ते सगळे जहाजाने येते, आणि पिकते त्यात शतकानुशतके उसाचाच वरचष्मा राहिला आहे. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण आजही निम्म्याहून कमी आहे, तर पुरुषांमध्ये ते दोन-तृतीयांशांच्या पुढे आहे. १९७० साली निर्यातक्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाल्यावर कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो स्त्रियांना पहिल्यांदा पगार दिला. २००५ च्या सुरुवातीला कापडव्यापारातील जागतिक कोटापद्धत, म्हणजे कोणत्या देशातून किती माल घ्यायचा याची ठरलेली मर्यादा, संपली, त्या सुमारास यांतले अनेक कारखाने बंद झाले आणि शिवणयंत्रावर बसलेले असंख्य हात मोकळे झाले. शिवणकामात कौशल्य मुबलक आहे, पण गर्दीही तितकीच आहे, हे त्या वाटेने जाऊ पाहणारीने आधीच ध्यानात घ्यावे.

स्थानिक बाजाराची मोठी जमेची बाजू म्हणजे तो बारा महिने चालतो. दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, तमिळांची थैपूसम कावडी आणि सार्वजनिक सुटी असलेली गणेश चतुर्थी अशा सणांनी वर्ष भरलेले असते आणि प्रत्येक सणाला खाण्याच्या जिनसांना मागणी असते. आशार, म्हणजे भाज्यांचे मोहरी-हळदीचे लोणचे, आणि डाळ भरलेली दालपुरी हे पदार्थ हिंदू, मुसलमान, क्रेओल (मुख्यतः आफ्रिकी वंशाचे), चिनी अशा सर्व घरांत खाल्ले जातात. त्यामुळे एका समाजाच्या चवीवर अवलंबून राहावे लागत नाही. बेटावर सर्रास बोलल्या जाणाऱ्या क्रेओल भाषेत तोंडोतोंडी झालेली शिफारस कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

अडचण मात्र आशाराच्या बरणीकडे जवळून पाहिले की कळते. गाजर, कोबी आणि फरसबी उभी चिरून, मीठ लावून, पाणी निथळू देऊन मोहरी आणि हळदीच्या तेलात घोळवली जाते. भाजी बहुधा बेटावरची असते. पण तेल बाहेरचे, मोहरी बाहेरची, काचेची बरणी बाहेरची आणि तिचे झाकणही बाहेरचे. जहाजाला उशीर झाला की बरण्या मिळतात तेव्हा झाकणे नसतात, आणि झाकणे येतात तेव्हा त्यांचे माप वेगळे निघते. घाऊक आयातदार कंटेनर भरून माल आणतो. ही स्त्री त्याच्याकडूनच पन्नास-शंभर नग घेते आणि शेवटी त्यानेच आयात केलेल्या लोणच्याच्या शेजारी फळीवर आपली बरणी मांडते. किमतीत त्याच्याशी टक्कर घेणे तिला शक्य नाही. ताजेपणा, ओळखीची चव आणि बरणी परत घेऊन नव्याने भरून देण्याची सोय, एवढ्याच गोष्टी तिच्या बाजूने आहेत. माझ्या मते त्या पुरेशा आहेत, पण उलाढाल एका मर्यादेपुढे जाणार नाही हे मान्य करूनच. अन्न हाताळण्याचा परवाना आणि व्यवसायनोंदणी सुरुवातीलाच उरकावी, कारण त्यांच्याशिवाय मोठे दुकान माल ठेवत नाही.

पर्यटकांची वाट पाहताक्षणी मोहक वाटते. २०१९ मध्ये सुमारे १३ लाख ८० हजार पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त. त्यांच्याकडे घासाघीस करायला वेळ नसतो आणि हाताने केलेल्या वस्तूचे मोल ते देतात. पण याच आकड्याची दुसरी बाजू २०२१ मध्ये दिसली. साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या सीमा १ ऑक्टोबर २०२१ रोजी पूर्णपणे उघडल्या आणि त्या वर्षभरात जेमतेम १ लाख ८० हजार पर्यटक आले. त्याआधी, २५ जुलै २०२० रोजी, वाकाशिओ हे जहाज पॉइंत देस्नीजवळच्या प्रवाळावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. माहेबूरच्या किनाऱ्यावर लोकांनी उसाचा पाला भरून तेल अडवणारे लांबलचक तरंगते कठडे शिवले, त्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता. याच किनाऱ्यावरची अनेकांची रोजीरोटी मासेमारी आणि पर्यटनावर होती. ज्यांची सगळी विक्री हॉटेलांच्या दुकानांवर होती, त्यांना सीमा बंद असलेल्या त्या दीड वर्षात मागे वळायला जागा उरली नाही.

हॉटेलला माल देण्याचे गणितही समजून घ्यावे लागते. हॉटेल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दर्जाचा, ठरलेल्या संख्येने माल मागते आणि पैसे काही आठवड्यांनी देते. तोपर्यंतचा खर्च पुरवठादार स्त्रीने स्वतःच्या पदरचा घालायचा असतो. बाजारात थेट पर्यटकाला विकले तर पैसा त्याच दिवशी हातात येतो, पण तिथे मादागास्करहून आलेल्या स्वस्त टोपल्यांशी सामना असतो.

याच ठिकाणी एक खरी संधी आहे आणि ती सरकारी निर्णयातून आली आहे. १ जानेवारी २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि १५ जानेवारी २०२१ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. त्यामुळे तांत नावाची विणलेली बाजारपिशवी पुन्हा लोकांच्या हातात दिसू लागली. ती वाकोआच्या पानांची असते. कोकणात ज्याला आपण केवडा म्हणतो, त्याच्याच कुळातले हे झाड. पानांच्या कडांचे आणि मधल्या शिरेचे काटे काढून, पाने वाळवून, त्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून मग विणायला बसायचे. कच्चा माल बेटावरचा, गिऱ्हाईक स्थानिकही आणि पर्यटकही. दोन्ही पाय दोन वेगळ्या पायऱ्यांवर राहतील अशा वस्तू थोड्या आहेत, आणि ही त्यांतली एक आहे. मला विचारले तर पर्यटकांकडे वळणाऱ्या स्त्रीने अशीच वस्तू निवडावी, जी विमाने थांबली तरी गावच्या बाजारात विकली जाईल.

निर्यातीची वाट कागदावर सर्वांत मोकळी आहे. माल निर्यात करून मिळालेल्या नफ्यावर कंपनीला १५ ऐवजी ३ टक्के कर लागतो. युरोपीय संघाशी असलेल्या अंतरिम व्यापारी करारामुळे तिथे शुल्कमुक्त प्रवेश आहे आणि भारताशी झालेला सर्वंकष आर्थिक सहकार्याचा करार १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहे, ज्यात मॉरिशसच्या ६१५ उत्पादनांना सवलत मिळाली. रेयुनियन बेट तर केवळ सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तरीही एकट्या स्त्रीने इथून सुरुवात करावी असे मला वाटत नाही. रेयुनियन फ्रान्सचा भाग असल्याने तिथे युरोपचे अन्ननियम लागू होतात: प्रयोगशाळेतील तपासणी, घटकांची नोंद, माल कुठून आला याचा माग. शिवाय तिथेही घरोघरी आशार होतेच. भारतात मागणी अफाट आहे, पण एक कंटेनर भरेल इतका माल एका स्वयंपाकघरातून निघत नाही. शुल्क माफ झाले म्हणून जहाजाचे भाडे माफ होत नाही. दहा-पंधरा जणींनी सहकारी संस्था करून एकाच पाककृतीने, एकाच लेबलखाली माल काढला तरच ही वाट चालण्याजोगी होते, आणि त्याला दोन-तीन वर्षे तरी द्यावी लागतात.

मॉरिशसच्याच रॉड्रिग्स या दुसऱ्या बेटावरच्या स्त्रीसाठी हीच तुलना थोडी उलटी होते. मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला असलेल्या त्या बेटावर पन्नास हजारांहूनही कमी लोक राहतात, तेव्हा निव्वळ स्थानिक बाजार पुरत नाही. पण तिथे येणाऱ्या पाहुण्यांत खुद्द मॉरिशसचेच लोक पुष्कळ असतात, आणि पोर्ट मातुरँच्या शनिवारच्या बाजारातून लिंबाचे लोणचे, मिरचीची बरणी आणि मध घेतल्याशिवाय ते परतत नाहीत. म्हणजे तिथला पर्यटक हा एका अर्थाने स्थानिक गिऱ्हाईकच आहे. पाण्याची टंचाई मात्र खाद्यउद्योगाच्या मुळावर येते. साठवणीची टाकी हा तिथे बरणीच्याही आधीचा खर्च आहे.

भांडवलाचा प्रश्न तिन्ही वाटांवर आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय महिला उद्योजक परिषद प्रशिक्षण आणि प्रदर्शनांत जागा देते, एसएमई मॉरिशस ही सरकारी संस्था लघुउद्योगांसाठी योजना राबवते आणि मॉरिशस विकास बँक कर्ज देते. योजनांच्या अटी जूनमधल्या अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, म्हणून गेल्या वर्षी शेजारणीला मिळाले तेच आपल्याला मिळेल असे धरून चालू नये. एका व्यक्तीची कंपनी स्थापन करता येते आणि तिच्यामुळे व्यवसायाचे देणे वैयक्तिक मालमत्तेपासून वेगळे राहते. पण कर्ज देताना बँक बहुधा वैयक्तिक हमी मागते आणि तो आडोसा तिथेच संपतो. कर्ज काढायचेच नसेल, तर देणेही थोडेच राहते आणि एकल मालकीची साधी नोंदणी पुरे.

कर्ज काढायचेच असेल, तर लग्नाचे कागद आधी काढून पाहावेत. मॉरिशसमध्ये नागरी विवाहाच्या वेळी मालमत्ता समाईक की वेगळी हे ठरवायचे असते आणि वेगळी नोंद केली नसेल तर ती समाईक धरली जाते. समाईक असेल, तर घर तारण ठेवायला नवऱ्याची सही लागते आणि धंद्याचे देणे त्या घरापर्यंत पोहोचू शकते. वेगळी असेल, तर घर बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असल्याने तारण ठेवायला तिच्यापाशी काहीच नसते. कित्येक होतकरू उद्योग याच टेबलाशी येऊन थांबतात. तारणाशिवाय मिळेल एवढ्याच रकमेत पहिले वर्ष बसवता येत असेल, तर बँकेत जाण्यापूर्वी ते वर्ष स्थानिक बाजारात काढावे आणि रोजच्या विक्रीची वही ठेवावी. दुसऱ्या वर्षी बँकेच्या अधिकाऱ्यापुढे घराच्या कागदांऐवजी ती वही ठेवता येते.