ऑफिस, तालीम आणि घर एकाच लाईनीवर: पुणे मेट्रो, वनाझ ते रामवाडी

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, आधी मनापासून थँक्यू म्हणू दे.

मी राहते कोथरूडला आनंदनगरजवळ, ऑगस्टमध्ये नवीन जॉब लागला तो खराडीत, आणि नाटकाच्या तालमीचा हॉल कर्वे रोडला गरवारे कॉलेजच्या मागे. मुलगी दुसरीत आहे. त्यात या वेळी आमच्या ग्रुपचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेला, दोन अंकी, आणि मला अकरा वर्षांत पहिल्यांदा एवढी मोठी भूमिका मिळाली. घरचे, ऑफिसचे, सोसायटीतले, सगळ्यांचं एकच म्हणणं की या वर्षी नाटक राहू दे, प्रोबेशन संपलं की बघू. पण नाटक असं पुढच्या वर्षी ढकलता येत नाही हो, पुढच्या वर्षी ती भूमिकाही नसते आणि तो ग्रुपही तसाच राहत नाही.

पहिले पंधरा दिवस गाडीनेच गेले. कोथरूड ते खराडी टू व्हीलरवर जाताना सव्वा तास आणि येताना कधीकधी पावणेदोन तास, येरवड्याच्या चौकात धूर खात उभं राहायचं, आणि तालमीला पोचेपर्यंत घसा बसलेला, मान आखडलेली. एकदा पाऊस होता म्हणून गाडी ठेवली आणि ॲपवरून कॅब बोलावली तर लागोपाठ तीन ड्रायव्हरनी कॅन्सल केली, मी सव्वाआठला पोचले तेव्हा आठ जण माझ्या एन्ट्रीसाठी खोळंबून बसलेले. कोणी एक शब्द बोललं नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण तेही सगळे नोकऱ्या करूनच येतात. त्या रात्री घरी येऊन मी खरंच म्हणाले की सोडते नाटक. नवरा म्हणाला, अगं सोडायचंय तर सोड पण आधी एक आठवडा मेट्रोने जाऊन बघ.

६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हा मी मुलीला घेऊन हौसेने एक चक्कर मारून आले होते, रोजच्या जाण्यायेण्याला वापरायचं डोक्यातच आलं नव्हतं. वनाझ ते रामवाडी साधारण पावणेसोळा किलोमीटर, सोळा स्टेशनं, पस्तीस-चाळीस मिनिटांत पोचवते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट ३० रुपये. शनिवार-रविवारी त्यातही ३० टक्के सूट. आणि माझं घर, तालीम आणि ऑफिसची दिशा हे तिन्ही या एकाच लाईनीवर आहे, कुठे गाडी बदलायची भानगड नाही! सव्वासहाला ऑफिसमधून निघाले की सात वाजता रामवाडीहून गाडी मिळते, साडेसातला तालीम, दहाला तालीम संपली की गरवारेहून तीन स्टेशनं, आनंदनगर.

पण वेळ वाचणं हा अर्धाच फायदा. खरी गोष्ट म्हणजे माझं पाठांतर मेट्रोत झालं. नवऱ्याने एका रविवारी बसून बाकीच्या सगळ्या पात्रांची वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून दिली, माझ्या वाक्यांच्या जागा मोकळ्या सोडून. त्याने आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही, सपाट आवाजात वाचलंय सगळं, मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, पण माझं वाक्य किती लांब आहे ते बघून तेवढीच जागा त्याने बरोब्बर सोडली. इअरफोन लावायचे आणि ओठातल्या ओठात बोलायचं. रामवाडीला पहिला प्रवेश सुरू केला की बंडगार्डनच्या आधी नदी लागते तिथे संपतो, सिव्हिल कोर्टला दुसरा, आणि संभाजी उद्यान ते डेक्कन गाडी मुठेच्या कडेने जाते तिथे पहिल्या अंकाचा शेवट. अजूनही ती डेक्कनची पगडीच्या आकाराची स्टेशनं दिसली की ते शेवटचं वाक्य आपोआप तोंडात येतं. एकदा शेजारी बसलेल्या एक आजी बराच वेळ बघत होत्या, मग हळूच विचारलं, स्तोत्र म्हणतेस का गं? म्हटलं नाही आजी, नाटक. तर म्हणाल्या, मग थांबू नकोस, म्हण.

मुलीचं सांगते, कारण आयांना तेच विचारायचं असतं. तालमीच्या दिवशी मी घरी येईपर्यंत ती झोपलेली असते, हे मेट्रोनेही बदललं नाही आणि त्याचा त्रास होतो, रोज होतो. संध्याकाळ सासूबाईंनी सांभाळली म्हणून सगळं चाललं, त्याला तोड नाही. पण आता सकाळी पळापळ नसते, तिची वेणी, डबा, स्कूल व्हॅनपर्यंत सोडणं हे सगळं माझ्याकडे. शनिवारी ती माझ्याबरोबर तालमीला यायची, खिडकीशी बसून पुढचं स्टेशन अनाउन्समेंटच्या आधी सांगायची. घरी ऐकून ऐकून तिचं माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं होतं, रंगीत तालमीला मी एके ठिकाणी अडकले तर मागच्या खुर्चीवरून बारीक आवाजात वाक्य आलं.

आता अर्धा स्टार. रामवाडीनंतर खराडीपर्यंतचे पाच-सहा किलोमीटर ही खरी कसोटी आहे. रिक्षावाले ऑफिस सुटायच्या वेळी मीटर टाकायला नाखूष असतात, शेवटी आम्ही ऑफिसमधल्या तिघींनी रोज शेअर करायचं ठरवलं आणि प्रश्न सुटला. वाघोलीपर्यंतच्या वाढीव मार्गाला केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिलीये, वनाझकडून चांदणी चौकापर्यंतही, तो होईल तेव्हा होईल पण लवकर होवो. गर्दीच्या वेळी बसायला जागा मिळेलच असं नाही, पाठांतर उभ्यानेही होतं.

तुमची तालीम सदाशिव पेठेत असेल तर सिव्हिल कोर्टला स्वारगेटची गाडी पकडून मंडईला उतरा, तिथून चालत भरत नाट्य मंदिरापर्यंत जाता येतं, आमचा प्रयोगही तिथेच होता आणि मी नऊवारीची पिशवी घेऊन अशीच गेले होते. रात्रीचं मात्र नीट बघून ठेवा. आधी दहापर्यंतच असणारी मेट्रो जानेवारी २०२५ पासून अकरापर्यंत असते, पण शेवटची गाडी प्रत्येक स्टेशनवर वेगळ्या वेळेला येते. ती वेळ दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्या सरांनी संहितेच्या पहिल्या पानावर, पात्रांच्या नावांच्या वर, पेनने लिहून ठेवली होती.